वाचक विचारतात : ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही त्यांना देव कळतो का?

सगळ्या वाचकांना जय ख्रिस्त. मागच्या अंकात प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर लिहिलं होतं, की देवाविषयी जे कळण्यासारखं आहे ते त्याने सृष्टीतून सगळ्याच माणसांना दाखवलंय, त्यामुळं "मला काही माहीतच नव्हतं" असं कुणालाही म्हणता येणार नाही. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की या महिन्यात दुसरं काही घेताच येत नाही, लग्नाबद्दल आणि दशमांशाबद्दल विचारणाऱ्यांनी जरा कळ काढावी. काहींनी रागाने विचारलंय, काहींनी रडून विचारलंय, आणि मला दोन्ही पटतं, कारण मराठवाड्यात आपण ख्रिस्ती लोक मूठभर, बहुतेकांचे चुलते, मावश्या, सासरचे, कुणाकुणाचे तर सख्खे आईबापसुद्धा विश्वासात नाहीत, मग हा प्रश्न नुसता अभ्यासाचा राहत नाही. सगळी नावं काढून टाकलीयत.

प्रश्न (एक ताई, अंबड तालुका) : पास्टर साहेब, माझी आज्जी वारली. घरात मी एकटीच विश्वासात आलेय, आज्जी शेवटपर्यंत माळकरी होती. शाळेत कधी गेली नाही, बायबल हातात घेतलं नाही, तिला येशूबद्दल नीट कुणी सांगितलंच नाही, मी पण नाही, घरच्यांना घाबरत होते. पण ज्वारीची रास झाली की पहिलं सूप भरून बाजूला ठेवायची, दारात जो कुणी मागायला येईल त्याचं म्हणून, आणि म्हणायची, "देणाऱ्यानं दिलंय, आपलं काय हाय यात." आमच्या संगतीतले एक भाऊ म्हणाले ती नरकात गेली, विषय संपला. मला झोप लागत नाही. खरं काय ते सांगा.

उत्तर : ताई, विषय संपला असं म्हणायचा अधिकार त्या भावांना कुणी दिलेला नाही. मलाही नाही. सदोमासाठी रदबदली करताना अब्राहाम देवाला विचारतो, साऱ्या जगाचा न्याय करणारा योग्य न्याय करणार नाही का? तुमच्या आज्जीचा निवाडा त्याच्याच हातात आहे आणि तो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त न्यायी आहे, जास्त दयाळूही आहे. आधी एवढं धरून ठेवा, मग पुढचं वाचा.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४ काढा. पौल आणि बर्णबा लुस्त्र नावाच्या गावी आलेत. आडबाजूचं गाव, लोक आपल्या लुकवनी भाषेत बोलणारे. जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस पौलाच्या शब्दाने उठून चालायला लागतो आणि गावात एकच गलका होतो, की देव माणसांच्या रूपात आपल्याकडं उतरलेत. बर्णबाला ते ग्रीकांचा मोठा देव झ्यूस म्हणतात, पौलाला देवांचा निरोप्या हर्मीस, कारण बोलायचं काम तो करत होता. झ्यूसचा पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपर्यंत येतो सुद्धा. हे कळल्यावर दोघं कपडे फाडत गर्दीत घुसतात आणि ओरडून सांगतात, अरे आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत.

आता पौल पुढं काय बोलतो ते बघा. त्याच्याच मागच्या अध्यायात तो अंत्युखियात सभास्थानात बोलला होता, तिथं मिसरातून सुटका, शमुवेल, दावीद, स्तोत्रं, संदेष्टे, सगळं काढलं होतं कारण ऐकणाऱ्यांना ते माहीत होतं. लुस्त्रात यातलं एक अक्षर नाही. तिथं तो म्हणतो की ज्याने आकाश, पृथ्वी, समुद्र केला तो जिवंत देव, त्याने मागच्या पिढ्यांना आपापल्या वाटेने जाऊ दिलं, तरी स्वतःला साक्षीवाचून ठेवलं नाही. आणि साक्ष कोणती? आकाशातून पाऊस दिला, पिकाचे हंगाम दिले, अन्नाने आणि आनंदाने तुमची मनं भरली. बस, एवढंच. पाऊस, पीक, पोटभर अन्न आणि त्यातून होणारा आनंद. मला वाटतं अख्ख्या बायबलात मराठवाड्याला इतकं जवळचं दुसरं प्रवचन नसेल, कारण मृग कोरडा गेला की काय होतं आणि वेळेवर पडला की गावाचा चेहरा कसा बदलतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणजे तुमची आज्जी सुपात ज्वारी भरताना जे म्हणायची ते पौलाने लुस्त्राच्या वेशीत सांगितलं त्यातलंच होतं. देणारा कुणीतरी आहे, दिलेलं आपलं नाही, आणि म्हणून दुसऱ्यालाही त्यातलं द्यायचं. हे तिला कुठून कळलं? ख्रिस्ती शिकवण सांगते की हे कळणं सुद्धा देवाकडूनच आहे. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ख्रिस्ताला प्रत्येक माणसाला प्रकाश देणारा खरा प्रकाश म्हणतो, फक्त चर्चमधल्या माणसाला देणारा असं तो म्हणत नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा एक तत्त्वज्ञ ख्रिस्ती झाला आणि पुढं रोममध्ये विश्वासासाठी मेला, त्याने लिहून ठेवलंय की ज्या शब्दाने, म्हणजे ख्रिस्ताने, जग केलं त्या शब्दाचं बीज सगळ्या मानवजातीत पेरलेलं आहे. आणि आपल्याकडचं बघायचं तर रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला त्यांनी, ते उघड म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. अभंग ऐकत वाढलेल्या माणसाच्या मनात देवाने आधीच काही काम केलेलं असतं हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यावरून ओळखलं होतं.

पण ताई, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून दुसरी बाजूही सांगतो, ती लपवली तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहिलो नाही असं होईल. आज्जी चांगली होती म्हणून ती तरली असं मी म्हणू शकत नाही, कारण चांगुलपणाने कुणीच तरत नाही, तुम्ही नाही, मी नाही, ते भाऊ तर नाहीतच. तारण फक्त ख्रिस्तात आहे, कृत्ये ४:१२ अगदी स्पष्ट आहे. पण ज्याला ख्रिस्ताने तारलं त्या प्रत्येकाला ख्रिस्ताचं नाव तोंडपाठ होतं असं शास्त्र म्हणत नाही. इब्री ११ वाचा, हाबेल, हनोख, नोहा आणि यरीहोतली राहाब, यातल्या कुणाच्या कानावर "येशू" हे नाव पडलेलं नव्हतं, तरी विश्वासाच्या माणसांच्या यादीत ते आहेत. त्यांना थोडा प्रकाश मिळाला आणि त्या थोड्या प्रकाशाकडं ते वळले. आज्जीने काय केलं ते तिला आणि देवाला माहीत. मी तुम्हाला खात्रीचा कागद देऊ शकत नाही, आशा देऊ शकतो, आणि ती फुकाची नाही कारण ती देवाच्या स्वभावावर टेकलेली आहे.

आणि "मी पण नाही सांगितलं" हे जे रात्री टोचतंय ना, ते प्रभूला जसंच्या तसं सांगा. शिष्य पेत्राने तर येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा सांगितलं होतं, त्याला प्रभूने परत जवळ घेतलं. आई आहे ना तुमची? तिच्याशी बोलायला अजून वेळ आहे.

प्रश्न (कृषी पदवीचा विद्यार्थी, परभणी) : सर, रोम १:२० मला अन्यायाचं वाटतं. कुणी नुसते तारे बघून त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव) कसं ओळखेल, क्रूस कसा ओळखेल? आणि ओळखलं नाही तर "निमित्त नाही"! दुसरं, सदसद्विवेकबुद्धी देवाने हृदयावर लिहिलीय म्हणतात, पण ती तर समाज शिकवतो, आमच्या प्राध्यापकांनी हेच सांगितलं.

उत्तर : दादा, पहिल्या अर्ध्या प्रश्नात तू पौलाच्या तोंडी असं काहीतरी घातलंयस जे तो बोललेलाच नाही. वचन नीट वाच. सृष्टीतून दिसतं ते देवाचं सनातन सामर्थ्य आणि त्याचं देवपण, एवढंच तो म्हणतो. त्रैक्य दिसतं म्हणत नाही, क्रूस दिसतो म्हणत नाही, पापांची क्षमा कशी मिळते हे चांदण्या सांगतात असं तर अजिबात नाही. आणि आरोप कसला ठेवलाय तोही बघ, पुढच्याच वचनात आहे, देवाला ओळखूनही त्यांनी त्याचा देव म्हणून गौरव केला नाही आणि आभार मानले नाहीत. आरोप अज्ञानाचा नाही. जे कळलं ते दाबून टाकल्याचा आहे, निर्माण केलेल्या वस्तूला निर्माणकर्त्याच्या जागी बसवल्याचा आहे. माझ्या मते आजच्या काळात ही जागा मूर्तीपेक्षा पैशाला आणि स्वतःच्या जातीला जास्त वेळा दिली जाते, आणि त्यात आपले लोक मागे आहेत असं मला दिसत नाही.

आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत पौल गर्रकन वळतो, की हे दोष लावणाऱ्या माणसा, तू कुणीही अस, तुलाही निमित्त नाही. पहिला अध्याय वाचून "बरोबर, ते लोक तसेच" अशी मान डोलावणाऱ्या धार्मिक माणसाला त्याने तिथंच पकडलंय. म्हणून जो कुणी हा अध्याय शेजाऱ्याला मारायची काठी म्हणून वापरतो त्याने पुढचं पान उलटलेलं नाही एवढं नक्की.

सृष्टीतून इतकं कळतं आणि तरी माणूस चुकतो कसा, यावर प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनने सोळाव्या शतकात एक उदाहरण दिलंय जे मला अजून कुणी सुधारलंय असं वाटत नाही. म्हाताऱ्या, नजर कमी झालेल्या माणसापुढं सुंदर पुस्तक ठेवलं तर त्याला तिथं काहीतरी लिहिलंय एवढं कळतं पण दोन शब्द सलग लागत नाहीत, चष्मा लावला की तेच पान स्पष्ट वाचता येतं. सृष्टी हे ते पुस्तक आणि शास्त्र हा चष्मा. पुस्तकात खोट नाही, खोट आपल्या डोळ्यात आहे, आणि चष्मा लावणारा पुस्तक फेकून देत नाही उलट तेव्हा कुठं ते वाचायला लागतो. म्हणून बायबल वाचणाऱ्या माणसाने शेतात, आभाळात, तुझ्या त्या बियाण्याच्या लॅबमध्ये जास्त बघावं, कमी नाही. स्तोत्र १९ मध्ये हेच आहे, पहिला अर्धा भाग आकाश आणि सूर्य, आणि मग कसलीही प्रस्तावना न करता परमेश्वराचं नियमशास्त्र. दावीदाला यात जोड दिसतच नाही, त्याच्या लेखी दोन्ही एकाच देवाचं बोलणं आहे.

सदसद्विवेकाचं. तुझे प्राध्यापक अर्धं बरोबर सांगतायत, समाज त्याला वळण देतो, बिघडवतो सुद्धा, पौल स्वतः काही लोकांच्या विवेकाला डाग दिल्यासारखं झालंय म्हणून तीमथ्याला लिहितो. पण फक्त समाजच शिकवत असेल तर आपलाच समाज चुकतोय हे माणसाला कोण सांगतं? आपल्याकडं कितीतरी गावांत पाणवठे जातीजातीचे वेगळे होते, सगळ्या गावाची शिकवण तीच, वाडवडिलांची तीच, देवळातली तीच, आणि तरी दुष्काळात एखादा शेतकरी आपल्या विहिरीचा रहाट सगळ्यांना मोकळा करतो, भावकीचं तोंडसुख सोसतो. त्याला हे शिकवणारं गावात कुणी नव्हतं. रोम २:१५ मध्ये पौल म्हणतो की ज्यांच्याकडं नियमशास्त्र नाही अशांच्या हृदयावरही त्याचं काम लिहिलेलं दिसतं आणि त्यांचा विवेक साक्ष देतो, त्यांचे विचार आतल्या आत कधी त्यांना दोषी ठरवतात, कधी त्यांची बाजू घेतात. हे आतलं कोर्ट तुझ्याही आत चालतं. तुझ्या प्राध्यापकांच्याही.

प्रश्न (एक वाचक, औसा तालुका) : आमचं घर १९९३ च्या भूकंपात गेलं, बहीण आणि वडील गेले. निसर्गातून देव दिसतो असं तुम्ही लिहिता. किल्लारीला कोणता देव दिसला ते जरा लिहा.

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून बराच वेळ लिहिता आलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत जमीन हलली आणि दगडमातीची जाडजूड घरं झोपलेल्या माणसांवर बसली, जवळपास दहा हजार माणसं. यावर गोड बोलणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका.

निसर्ग बघून देव प्रेमळ आहे हे आपोआप सिद्ध होतं असं ख्रिस्ती शिकवणीत नाहीच. वर लिहिलं ते परत बघा, सामर्थ्य आणि देवपण. ज्या आभाळातून पाऊस येतो त्यातूनच गारपीट येते, आणि फक्त निसर्गावर देव शोधायला निघालेला माणूस एक वर्ष भजन करेल आणि दुसऱ्या वर्षी शिव्या देईल. रोम ८ मध्ये पौल म्हणतो की सगळी सृष्टी आजपर्यंत कण्हतेय, वेणा सोसतेय, ती नाशाच्या दास्यात आहे आणि सुटकेची वाट बघतेय. म्हणजे जे पुस्तक आपण वाचतोय ते फाटलेलं आहे हे शास्त्रच मान्य करतं.

दुसरं, त्या दिवसांत काही लोक म्हणत होते, आपल्यातलेही, की पापामुळं झालं. हे येशूच्या तोंडावरच विचारलं गेलंय असं समजा. शिलोहात बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, लूक १३, आणि प्रभू स्वतः विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही, असं त्याने सरळ सांगितलंय. तुमची बहीण आणि तुमचे वडील लातूरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या कुणापेक्षाही जास्त पापी नव्हते. आणि एलीया संदेष्टा होरेब डोंगरावर होता तेव्हा वारा सुटला, भूकंप झाला, आग आली, आणि शास्त्र म्हणतं परमेश्वर त्या भूकंपात नव्हता.

मग कुठं होता? माझ्याकडं याचं एकच उत्तर आहे आणि ते मी निसर्गातून काढलेलं नाही. देव आपल्यावरचं प्रेम कशाने सिद्ध करतो तर आपण पापी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला याने, रोम ५:८. देवाचं मन बघायचं असेल तर तिथं बघायचं, वधस्तंभावर, जिथं तो स्वतः मेलेल्यांमध्ये गेला, त्याची आई खाली उभी होती. म्हणून तर सृष्टीतलं ज्ञान पुरेसं नाही असं आम्ही म्हणतो, चर्चला महत्त्व यावं म्हणून नाही. किल्लारीसारख्या गावाला सामर्थ्यवान देव सांगून काय उपयोग, ते सामर्थ्य त्यांनी सोसलंय. त्यांना जखमा असलेला देव कुणीतरी सांगायला हवा.

एक मात्र तुम्हीच मला सांगा, कारण तुम्ही तिथं होता. दुसऱ्या दिवसापासून लांबलांबून अनोळखी माणसं भाकरी बांधून आली, हातांनी ढिगारे उपसले, कुणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. ते कुणी आत घातलं होतं त्यांच्या? तुमचा प्रश्न यामुळं मिटतो असं मी म्हणत नाही. तुम्हाला चालणार असेल तर मी येतो, घरी बसून बोलू.

प्रश्न (नोकरदार वाचक, छत्रपती संभाजीनगर) : माझा कॅथलिक मित्र म्हणतो ख्रिस्ताला न ओळखणारेही तरू शकतात असं त्यांच्या चर्चने अधिकृत सांगितलंय. आमचे पाळक म्हणतात हे चूक. फरक नेमका काय?

उत्तर : तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा कमी आहे, पण आहे. १८७० साली कॅथलिक बिशपांच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की देव आहे हे माणसाच्या स्वाभाविक बुद्धीलासुद्धा सृष्टीवरून खात्रीने कळू शकतं. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुढचं सांगितलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता माहीत नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि कृपेच्या प्रेरणेने, विवेकाला कळेल तशी त्याची इच्छा पाळायला बघतात त्यांनाही तारण मिळू शकतं. "मिळू शकतं" म्हटलंय, मिळतंच असं नाही, आणि "कृपेच्या प्रेरणेने" हे शब्द तुमच्या मित्राने गाळले नाहीत ना ते बघा. त्याच परिच्छेदाच्या शेवटी माणसं पुष्कळदा फसतात आणि खऱ्या देवाऐवजी निर्मितीची सेवा करतात, म्हणून मिशनचं काम करायचं, असंही आहे.

इकडं १९७४ साली लोझान इथं जगभरचे इव्हँजेलिकल पुढारी जमले, त्यांच्या करारनाम्यात आहे की सृष्टीतल्या सर्वसाधारण प्रकटीकरणातून सगळ्यांना देवाचं काही ज्ञान असतं, पण ते तारू शकत नाही कारण माणसं सत्य दाबून टाकतात. बघा, ज्ञान असतं हे दोघं म्हणतात. वाद पुढं आहे, ते ज्ञान माणसाला कुठवर नेतं याचा.

आणि प्रोटेस्टंटांत आपसातही भांडण झालंय. १९३४ साली धर्मशास्त्रज्ञ एमिल ब्रुनर म्हणाले निसर्गातल्या प्रकटीकरणाला थोडी जागा ठेवूया, दुसरे धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी "नाही!" याच मथळ्याचं उत्तर छापलं. ते इतके का भडकले हे कळायला साल बघायचं. हिटलर सत्तेवर होता आणि जर्मनीतले काही ख्रिस्ती सांगत होते की आपल्या राष्ट्रात, रक्तात, इतिहासात देव प्रकट होतोय. ख्रिस्त सोडून दुसरीकडं देवाचा आवाज ऐकायला गेलं की माणूस स्वतःचाच आवाज देवाचा म्हणून ऐकतो ही बार्थची भीती होती आणि ती खोटी नव्हती. तरी माझं मत, बार्थ जास्त पुढं गेले, लुस्त्रातलं पौलाचं बोलणं त्यात बसत नाही. पण कुणी माझ्या मातीत, माझ्या जातीत देव दिसतो म्हणायला लागला की मला बार्थ आठवतात.

प्रश्न (बीड) : येशू जन्मला तेव्हा पूर्वेकडचे ज्ञानी, मागी लोक, ताऱ्यावरून आले मग कुंडली बघायला काय हरकत?

उत्तर : हरकत आहे, बघू नका, यशया ४७ वाचा. आणि मागी लोकांचंच नीट बघा, तारा त्यांना यरुशलेमपर्यंत घेऊन आला आणि तिथं त्यांना विचारावं लागलं की तो जन्मलाय कुठं. उत्तर मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातून निघालं, बेथलेहेम. ताऱ्याने निघायला लावलं, शास्त्राने गाव सांगितलं. वाईट याचं वाटतं की ज्या शास्त्र्यांनी वचन काढून दाखवलं ते स्वतः बेथलेहेमला गेले असं काही मत्तय लिहीत नाही.

प्रश्न (नवीन सून, लातूर जिल्हा) : सासरी सगळे येळवस (वेळ अमावस्या) करतात. शेतातल्या कोपीत पूजा असते, नंतर शेतात जेवण. मी जाऊ का नको? नाही गेले तर भांडण, गेले तर मंडळीत बोलतात.

उत्तर : जा. भज्जी करू लागा, आंबील वाढा, लेकरांना घेऊन ज्वारीतून फिरा. पूजेला हात जोडायचे नाहीत, सासूबाईंना आधीच घरी, चारचौघांत नाही, शांतपणे सांगा की आई, मी ज्याला देणारा मानते त्याचे आभार मी माझ्या पद्धतीने मानते. लुस्त्रात पौलाने माळा आणि बैल थांबवले पण पिकाचा आणि अन्नाचा आनंद खोटा आहे असं तो म्हणाला नाही, उलट तो आनंदच देवाची साक्ष आहे म्हणाला. तुम्ही त्या शेतात उभं राहून मनातल्या मनात का होईना जिवंत देवाचे आभार मानले तर त्या दिवशी त्या रानात ते करणारं निदान एक माणूस असेल. मंडळीत बोलणाऱ्यांना माझं नाव सांगा.

प्रश्न (जालना) : सगळ्यांना देव थोडाफार माहीतच असेल तर सुवार्ता सांगायची कशाला? आणि शेजारच्या काकूंना सांगायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुम्ही जालन्याचे, म्हणजे हा प्रश्न तुमच्या गावाच्या इतिहासातच आहे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री मुंबईतलं सोडून जालन्याकडं आले, बेथेल गाव वसवलं. इथल्या लोकांना देवाचं काहीच माहीत नाही असं समजून ते आले असतील असं मला वाटत नाही, ते स्वतः ब्राह्मण घरातले, इथली भक्ती त्यांना आतून ठाऊक होती. रोम १० मध्ये पौल एकाच दमात दोन्ही म्हणतो, घोषणा करणाऱ्यावाचून ते ऐकतील कसे, आणि चार वचनांनंतर स्तोत्र १९ चीच ओळ, त्यांचा नाद साऱ्या पृथ्वीवर गेलाय. आकाश बोलतं म्हणून आपण गप्प बसावं हा अर्थ त्याने काढला नाही, कारण कुणीतरी देणारा आहे हे आकाश सांगतं, पण त्याने आपला पुत्र दिला हे माणसालाच जाऊन सांगावं लागतं.

सुरुवात काकूंकडूनच करा. आधी ऐका, त्या कशाबद्दल आभार मानतात, कशाला घाबरतात, संकटात कुणाला हाक मारतात. पौल अथेनैत, म्हणजे अथेन्समध्ये, आधी गावभर फिरला, त्यांच्या वेद्या बघितल्या, "अज्ञात देवाला" असं लिहिलेली एक वेदी त्याला सापडली, आणि मग त्यांच्याच एका कवीची ओळ त्याने उचलली, की आम्हीही त्याची संतती आहोत. ती अरातस नावाच्या कवीची, तारे आणि हवामानाच्या खुणा सांगणाऱ्या कवितेतली. काकूंना ओव्या येत असतील, नामदेवांचे, गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग पाठ असतील, म्हणायला सांगा, घाई करू नका. पण तिथंच थांबूही नका. अथेनैत पौलाने ज्या वचनावर भाषण संपवलं त्यात येशूचं मेलेल्यांतून उठणं आहे, आणि ते काढलं की लोक बिथरणार हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. काही हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोडे विश्वासात आले, त्यात दामारी नावाची एक बाई होती. लुस्त्रात तर शेवटी त्याला दगडमार झाला, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकलं, पण पुढं त्याच भागात तरुण तीमथ्य भेटला. काकू पहिल्यांदा हसल्या तर हसू द्या. चहा घ्या आणि पुढच्या आठवड्यात परत जा.